फॅशन डिझायनरचं प्रदर्शन बघायचं कसं: शिवणीपासून पाठीपर्यंत

एका मोठ्या डिझायनरचं प्रदर्शन मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अडीच तासांत दीडशेच्या वर फोटो काढले. बाहेर आल्यावर मैत्रिणीने विचारलं, "त्या काळ्या गाउनची बाही कशी होती गं?" मला सांगता येईना. संगीत आठवत होतं, गर्दी आठवत होती, बाही नाही. तेही मला शिवणकाम येत असून!

मी भिंतीवरची चित्रं बघावीत तसे कपडे बघत गेले होते. चित्र भिंतीवर टांगलं की पूर्ण असतं, कपडा पुतळ्यावर चढवला तरी अर्धाच राहतो. आतलं माणूस गेलेलं, चालणं-बसणं गेलेलं आणि हात लावून बघायची तर सोयच नाही. हे राहिलेलं अर्धं आपल्या डोळ्यांनी भरून काढायचं असतं. त्यानंतरच्या बऱ्याच प्रदर्शनांत चुकतमाकत जी पद्धत बसली, ती इथे देते आहे.

तिकीट काढण्याआधी

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की प्रदर्शन कोणी भरवलंय आणि कपडे कुणाचे आहेत. पॅरिसमधलं २०१७ साली उघडलेलं ईव्ह सां लोरां संग्रहालय हे त्या फॅशन हाऊसच्या स्वतःच्या संग्रहावर उभं आहे. तिथे बरेचसे कपडे 'प्रोटोटाइप' असतात, म्हणजे शोमध्ये मॉडेलच्या अंगावर चढलेला पहिला नग. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट किंवा न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन (म्हणजेच 'मेट') अशा सार्वजनिक संग्रहालयांत मात्र गिऱ्हाइकांनी वापरून मग देणगी दिलेले कपडेही खूप. प्रोटोटाइपमध्ये डिझायनरचा मूळ विचार दिसतो. वापरलेल्या कपड्यात संसार दिसतो: उसवून सैल केलेली कंबर, झिजलेली किनार, काखेतला डाग. मला दुसरे जास्त आवडतात, पण ते आपापल्या आवडीचं.

फॅशन हाऊसनेच भरवलेलं प्रदर्शन असेल तर एक गोष्ट मनात ठेवावी. तिथे पडलेले प्रयोग सहसा दिसत नाहीत, आणि ज्यांनी प्रत्यक्ष सुई चालवली त्यांची नावंही क्वचित. ही शंका जुनी आहे. १९८३ साली मेटमध्ये सां लोरांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्या संग्रहालयाने हयात डिझायनरला पहिल्यांदाच एकट्याचं प्रदर्शन दिलं होतं, आणि ही कला की जाहिरात, असा वाद झाला. पुन्हा एका हयात डिझायनरचं एकट्याचं प्रदर्शन भरवायला मेटने २०१७ साल उजाडू दिलं. ते रेई कावाकुबोचं.

आता वेळ. कापड उजेडाने खराब होतं म्हणून ही प्रदर्शनं काही महिनेच चालतात, आणि लोक "जाऊ पुढच्या आठवड्यात" म्हणत शेवटच्या आठवड्यांत एकदम लोटतात. अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश डिझायनरचं 'सॅव्हेज ब्यूटी' मेटमध्ये २०११ साली तीन महिन्यांत ६,६१,५०९ लोकांनी पाहिलं. शेवटी मध्यरात्रीपर्यंत दारं उघडी ठेवावी लागली. तेच २०१५ साली लंडनला गेलं, तेव्हा ४,९३,०४३ लोक आले आणि शेवटचे दोन शनिवार-रविवार संग्रहालय रात्रभर चालू होतं. रात्री तीन वाजता मॅक्वीन बघण्यात मजा असेल, पण खांद्याला खांदा लागलेल्या गर्दीत शिवण दिसत नाही. पहिला आठवडाही टाळावा. दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यातला मधला वार आणि दिवसाची पहिली वेळ, हे माझं नेहमीचं गणित. तिकीट वेळेचं असेल तर आत शिरायची वेळ ठरलेली असते, बाहेर पडायची बहुतेक ठिकाणी नसते. तेवढं विचारून घ्यावं.

अभ्यास एका संध्याकाळपुरता करावा. चरित्र वाचत बसू नये, ते भिंतीवर लिहिलेलं असतंच. त्या डिझायनरच्या कारकिर्दीच्या सुरुवातीचा एक आणि शेवटाकडचा एक, अशा दोन शोंचे व्हिडिओ बघावेत. कपडे हलताना कसे दिसतात ते डोळ्यांत साठवायचं, कारण प्रदर्शनात नेमकं तेच मिळणार नाही. मग वहीत एकच प्रश्न लिहून ठेवायचा. बालेन्सियागा असेल तर: कपडा अंगाला कुठे कुठे टेकतो? मॅक्वीन असेल तर: लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर कोटांची शिलाई शिकलेला हा मुलगा, ती शिलाई कुठे दाखवतो आणि कुठे मोडतो? प्रश्न एकच हवा. पाच प्रश्न घेऊन गेलं की पाचही विसरतात, स्वानुभव आहे.

सोबत काय न्यावं

पेन्सिल. पेन बऱ्याच दालनांत चालत नाही, आणि शाईचं पेन काढलंत तर पहारेकरी तुमच्याकडे असा बघतो की जणू तुम्ही चाकूच काढलाय. छोटी वही. जवळचा चष्मा असेल तर तो, घरी विसरू नये. पातळ शाल किंवा जाकीट, कारण दालनं कापडाच्या सोयीने थंड ठेवलेली असतात, माणसांच्या नव्हे. मऊ तळव्याचे बूट. ज्यांच्याकडे नाटकाला नेतात तसली छोटी दुर्बीण आहे त्यांनी ती जरूर न्यावी. उंच चौथऱ्यावरच्या गाउनच्या गळ्यावरचं भरतकाम नाहीतर दिसतच नाही. मोठी पिशवी आणि छत्री दारातच ठेवून घेतात.

आत गेल्यावर आधी थांबा

आत अंधार असतो आणि बहुतेकांना तो नाटकासाठी केलाय असं वाटतं. थोडं नाटक असतंच, पण मुख्य कारण वेगळं आहे. कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू द्यायचा नाही, असा संग्रहालयांचा दंडक आहे. ऑफिसात आपण ३०० ते ५०० लक्समध्ये बसतो, यावरून अंदाज येईल. उजेडाने रंग उडतो, रेशमाचा धागा ठिसूळ होतो आणि हे नुकसान साठत जातं. आज पडलेला उजेड उद्या अंधारात ठेवून भरून निघत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला रेशीम वजनदार वाटावं म्हणून त्यावर धातूंचे क्षार चढवत. त्या काळची कितीतरी रेशमं आज घडीवर आपोआप चिरतात.

म्हणून दारातून आत गेल्यावर पाचएक मिनिटं काहीही 'बघायचा' प्रयत्न करू नका. प्रस्तावनेचा मजकूर वाचा किंवा नुसते उभे राहा. डोळे सरावले की काळ्यातला निळा दिसायला लागतो. ज्यांनी फोनचा पडदा सारखा उघडला, त्यांचे डोळे सरावतच नाहीत. तेच लोक मग "काही दिसत नाही बाई" म्हणून पुढे सरकतात.

पहिली फेरी: न थांबता

सगळं प्रदर्शन एकदा वीस मिनिटांत चालून या. लेबल वाचायचं नाही, फोटो नाही. पाय जिथे आपोआप अडखळतील तो कपडा लक्षात ठेवायचा. शेवटच्या दालनापर्यंत गेल्यावर परत सुरुवातीला येता येतं का, हे मात्र आधी विचारावं. काही ठिकाणी वाट एकमार्गी असते आणि बाहेर पडलं की संपलं. तसं असेल तर फेरी दालनापुरती करायची: प्रत्येक दालन आधी पूर्ण फिरून, मग निवड.

निवडायचे कपडे पाच, फार तर सहा. प्रदर्शनात दोनशे असोत. बाकीचे सोडून द्यायला जीव होत नाही, मला माहीत आहे. पण दोनशे कपड्यांना प्रत्येकी अर्धं मिनिट दिलं तर हातात फक्त थकवा येतो. निवडीत एक तरी कपडा न आवडलेला घ्यावा. माझ्या वहीतल्या सगळ्यात लांब नोंदी न आवडलेल्या कपड्यांच्याच आहेत.

एका कपड्यासमोर पंधरा मिनिटं

आधी लांब, पाच-सहा पावलांवर उभं राहायचं आणि डोळे थोडे मिटून फक्त बाह्यरेषा बघायची. वजन कुठे आहे? खांद्यावर, कमरेवर की खाली घेरात? १२ फेब्रुवारी १९४७ रोजी दाखवलेल्या दिओरच्या पहिल्या संग्रहातला 'बार' सूट घ्या. अगदी बारीक कंबर, तिच्याखाली फुगलेलं जाकीट आणि मग भरपूर घेराचा काळा स्कर्ट. ही रेषा अंगाची नाही, जाकिटाच्या आत भरलेल्या भरावाची आहे, हे लांबूनच कळतं, कारण माणसाची कंबर संपल्याबरोबर असं काही उसळत नाही.

मग बाजूने. समोरून बघून पुढे जाणारे इथेच हुकतात. बालेन्सियागाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला असे सूट केले जे समोरून अंगाबरोबर बसतात आणि पाठीमागे सैल सुटतात. समोर उभं राहणाऱ्याला तो एक साधा सूट वाटेल. बाजूला जा, म्हणजे त्यातली गंमत दिसते. त्याच्या कॉलर मानेपासून मागे सरकलेल्या असतात, त्यामुळे मान लांब दिसते. त्याच्या कपड्यांची पाठ बघितली नाही तर बालेन्सियागा बघितलाच नाही, असं मी म्हणेन. पुतळा भिंतीला टेकवलेला असेल तर मागे आरसा आहे का बघा. तोही नसेल तर खुशाल कुरकुर करा. अभिप्रायवहीत मी दर वेळी करते.

आता जवळ, दोरीपर्यंत. शिवणकाम येत नसेल तरी चालेल, क्रम लक्षात ठेवा: खांदा, मुंढा, बाजूची शिवण, किनार.

मुंढा, म्हणजे बाही जिथे धडाला जोडली जाते तो गोल, ही शिंप्याची खरी परीक्षा. बाही सरळ लोंबते आहे आणि काखेत झोल नाही, तर हात चांगला. मुंढाच दिसत नाही, बाही आणि धड एकाच कापडात बेतलंय, तर डिझायनरने परीक्षेचा पेपरच बदलला.

मग धागा कुठल्या दिशेने जातो ते बघा. पट्ट्या किंवा चौकडी असेल तर लगेच कळतं. साध्या कापडात चकाकीवरून अंदाज येतो. कापड उरेप बेतलं, म्हणजे ४५ अंशांत तिरपं, की ते ताणलं जातं आणि अंगावरून पाण्यासारखं उतरतं. मादलेन व्हिओने या पॅरिसच्या डिझायनरने त्यावर आपलं सगळं काम उभं केलं. कागदावर चित्र काढण्याऐवजी ती अर्ध्या मापाच्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळत बसे. तिचे कपडे पुतळ्यावर बऱ्याचदा निर्जीव दिसतात. तो दोष पुतळ्याचा. उरेप कपड्याला चालणारं अंग लागतं, म्हणून व्हिडिओ आधी बघून ठेवायला सांगितलं.

शिवणी मोजा. ईव्ह सां लोरांचा १९६५चा, माँद्रियान या चित्रकाराच्या चित्रांवरून केलेला ड्रेस फोटोत अगदी सोपा वाटतो, पांढऱ्यावर काळ्या रेघा आणि रंगीत चौकोन. जवळून बघितल्यावर कळतं की रेघा छापलेल्या नाहीत. लोकरीच्या जर्सीचे वेगवेगळे तुकडे एकमेकांना जोडलेत, आणि अंगाला आकार देणाऱ्या शिवणी काळ्या रेघांत लपवल्यात. चित्र सपाट, अंग गोल, आणि दोन्ही सांभाळायचं. एवढं एक दिसलं तरी तिकीट वसूल.

इसे मियाकेच्या चुण्यांचं उलट आहे. नेहमी कापडाला आधी चुण्या पाडतात आणि मग शिवतात. त्याने १९९३ साली आणलेल्या 'प्लीट्स प्लीज'मध्ये कपडा आधी अडीच-तीनपट मोठा बेतून शिवतात आणि मग कागदांच्या मध्ये घालून उष्णतेने चुण्या पाडतात. समोर असेल तर शिवणीवरची चुणी शोधा: ती शिवणीलाही सोबत घेऊन मुडपलेली दिसेल.

शेवटी खाली, किनारीकडे. तिथे वजनं लपवलेली असतात. फोर्तुनीच्या 'डेल्फोस' गाउनला दोन्ही बाजूंनी दोरीत ओवलेले काचमणी असतात. दिसायला नक्षी, पण काम हलकं रेशीम खाली ओढून धरायचं. २०१७ साली लंडनच्या बालेन्सियागा प्रदर्शनात कपड्यांचे चक्क एक्स-रे काढून लावले होते. त्यांत कापडाच्या आत नेमक्या जागी बसवलेली वजनं आणि आतले ताठ पट्टे दिसत होते. असे एक्स-रे किंवा कच्च्या कापडात शिवलेले नमुने, ज्यांना 'त्वाल' म्हणतात, ठेवलेले असतील तर तिथे दुप्पट वेळ द्या. भरतकाम बघायला गर्दी होते, त्वालपाशी कोणी नसतं.

भरतकाम तरी किती वेळ बघावं? त्याला मी एकच कसोटी लावते: कापडाची मूळ लवचिक चाल राहिली आहे की ते पत्रा झालंय. सां लोरांच्या १९८८च्या आयरिस फुलांच्या जाकिटावर लसाज या भरतकामाच्या पेढीच्या कारागिरांनी ६०० तास काम केलं. आकडा ऐकून तोंडात बोट जातं खरं, पण तासांवरून कपडा ठरत नाही. एल्सा स्कियापारेल्लीच्या १९३८च्या काळ्या 'स्केलेटन' ड्रेसवर एकही मणी नाही. दोन कापडांमध्ये कापूस भरून बरगड्या आणि कणा उठवलाय. मला तो जास्त वेळ थांबवतो.

पुतळ्याविषयी थोडं

जुन्या कपड्याला पुतळ्यासाठी कधीही उसवत-कापत नाहीत, पुतळ्यालाच कपड्याच्या मापाचा करतात. छोटा पुतळा घेऊन त्याला छाती, पोट, कंबर भराव लावून चढवतात, आतून जाळीचे परकर घालतात, आणि एकेका कपड्याला त्यात तासन् तास जातात. म्हणजे आपण जो घेर बघतो त्यात थोडा संग्रहालयाचा हात असतो. मॅक्वीनची ती कुप्रसिद्ध खाली उतरलेली 'बम्स्टर' पँट पुतळ्यावर निव्वळ खोडसाळ वाटू शकते. त्याला पाठ लांब दाखवायची होती, आणि पाठ तर जिवंत माणसाला असते.

लेबल आता वाचा

मुद्दाम शेवटी. आधी वाचलं की डोळे आळशी होतात.

नावाखालची ओळ महत्त्वाची. 'ओत कुत्यूर' लिहिलं असेल तर कपडा एका अंगासाठी मापाने केलेला, आणि ही संज्ञा फ्रान्समध्ये १९४५पासून कायद्याने राखीव आहे. 'रेडी टू वेअर' असेल तर साच्यातल्या मापांचा. हंगामाच्या वर्षाने फसू नका. मॅक्वीनचा यंत्रमानवांनी रंग फवारलेला पांढरा ड्रेस १९९९च्या वसंत-उन्हाळ्याचा, पण तो शो झाला सप्टेंबर १९९८मध्ये. तयार कपड्यांचे शो असे आधी होतात.

मग साहित्य वाचा आणि पुन्हा कपड्याकडे बघा. मॅक्वीनच्या २००१च्या एका ड्रेसवर लाल पाकळ्यांसारखं काहीतरी चकाकतं. लेबल सांगतं की त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचेच्या पट्ट्या आहेत, लाल रंगवलेल्या, आणि खालचा स्कर्ट शहामृगाच्या पिसांचा. पुन्हा वर बघितल्यावर ड्रेस वेगळाच झालेला असतो.

सगळ्यात शेवटी तो रुक्ष नोंदणी क्रमांक. त्यात बहुधा वस्तू संग्रहात आल्याचं साल असतं. मेटमधल्या 'बार' सूटला दोन क्रमांक आहेत: जाकिटाचा १९५८चा, स्कर्टचा १९६९चा. म्हणजे जी जोडी आपण एकसंध समजून बघतो, तिचे दोन भाग अकरा वर्षांच्या अंतराने तिथे पोचले. हे भिंतीवरच्या मोठ्या अक्षरांत कधीच लिहिलेलं नसतं.

लेबलं नसलेलं प्रदर्शनही भेटेल. कावाकुबोच्या २०१७च्या मांडणीत भिंतीवर मजकूर नव्हता, क्रमांक आणि हातात पुस्तिका एवढंच. अशा वेळी पुस्तिका खिशात घालून फिरावं.

झगमगाट आणि फोटो

आरसे, धूर, पडद्यावरची दृश्यं यांचा मला राग नाही, ती कपड्याच्या कामाची असली तर. मेटने २०१४ साली चार्ल्स जेम्सच्या गाउनांपुढे यंत्राचे हात ठेवले होते. ते कपड्यावरून हळू फिरत आणि शेजारच्या पडद्यावर तो गाउन तुकड्यातुकड्यांनी कसा जोडलाय ते उलगडत जाई. तंत्र वापरावं तर असं. बाकी ठिकाणी संगीत फार अंगावर आलं तर मी कानात कापसाचे बोळे घालते. लोक हसतात.

फोटो चालत असतील तर फ्लॅश बंद करून, आणि फक्त निवडलेल्या कपड्यांचे. प्रत्येकाचे तीन: पूर्ण, पाठ, एक शिवण. त्याआधी वहीत वाकडंतिकडं का होईना, रेखाटन. चित्रकला येत नाही म्हणून सोडू नका. बाही काढायला घेतली की ती कुठून सुरू होते हे बघावंच लागतं, आणि माझ्या पहिल्या प्रदर्शनात नेमकं तेच राहिलं होतं.

दीड तासानंतर डोळे दमतात. मध्येच बाकावर बसा. घडीचं हलकं स्टूल अनेक संग्रहालयं मागितल्यावर देतात, विचारायला लाजू नये.

परत आल्यावर

कॅटलॉग तिथल्या तिथे विकत घेऊ नका. आधी उघडून बघा की त्यात पाठीचे, अस्तराचे, आतल्या शिवणींचे फोटो आहेत का. नुसते मॉडेलचे असतील तर ते तुम्हाला इतरत्रही मिळतील. मेट आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या दोन्हींच्या संकेतस्थळांवर संग्रहातले कपडे फुकट शोधता येतात. टिपून आणलेला नोंदणी क्रमांक टाकला की नेमका तोच कपडा समोर येतो, कधी कधी आतून काढलेल्या फोटोंसह.

आणि एखाद्या कपड्याने अगदीच पाठ सोडली नाही, तर प्रदर्शन संपण्याची वाट बघा. लंडनमध्ये २०२५ साली उघडलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या 'ईस्ट स्टोअरहाऊस' या कोठारात कोणालाही पाच वस्तूंपर्यंत मागवून, वेळ ठरवून, फुकट जवळून बघता येतात. निदान दोन आठवडे आधी नोंदवावं लागतं. इतर मोठ्या संग्रहांतही अभ्यासाच्या खोल्या असतात, फक्त कारण नीट लिहून अर्ज करावा लागतो. तिथे पुतळा नसतो, कपडा टेबलावर आडवा ठेवलेला असतो. अर्जात आठवणीने लिहा, की आतली बाजू बघायची आहे.